भुंगिणीच्या पोटातला माइट

"बाई, मी सांगतो ते कुणाला पटायचं नाही. भुंगिणीच्या पोटाला एक खास कप्पा असतो आणि त्यात माइट नावाचे बारीक जीव बसून फिरतात!"

"काहीतरीच!"

माइट ओळखण्यात जन्म घालवलेले काका बोलत होते बाकावरच्या अनोळखी बाईंशी, पण डोळा होता पलीकडे बॅग मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोवर. फ्रीजमध्ये मेलेले भुंगे ठेवल्यावरून ती माहेरी निघाली होती, आणि बस तर समोर लागलेलीच.

"खरंच हो. टाचणीच्या टोकाएवढा जीव. यंदा त्यातला एक अगदी नवा निघाला. पाठीवरचे केस मोजले, पायांची चित्रं काढली, जगात कुठेच त्याची नोंद नाही. मग नाव मीच ठेवायचं."

"काय ठेवलंत?"

"हिचं, ही पलीकडे बसलीय ना, माझी बायको, तिचं! मला दुसरं सुचणार तरी काय?"

"अगंबाई, किड्याला?"

"किडा म्हणू नका हो, आठ पाय आहेत त्याला, कोळ्याचा भाऊबंद तो. काय ती नाजूक चाल, काय ते लांब केस! आणि एकदा छापलेलं नाव जग बुडालं तरी बदलत नाही."

"वहिनी, ऐकलंत ना? आता कसल्या जाताय!"

बायकोने बॅग खाली ठेवली. काकांचा जीव भांड्यात पडला.

"ऐकलं. अहो, म्हणजे हे नाव एकदाच ठेवता येतं?"

"एकदाच!"

"मग याच माइटला तुम्ही तिचं नाव दिलंत, असं माझी ताई गेल्या महिन्यात अख्ख्या कॉलनीला का सांगत सुटली होती? खोटारडे!"