अपूर्वाची खुली परीक्षा

आदरणीय अध्यक्ष अनिलराव, गुडघा आता वाकतो ना? व्यासपीठावरच्या प्राचार्यबाई, खोकला बसला की अजून छळतोय? हेमावहिनी, लेकीच्या कौतुकानं आज रक्तदाब वर गेला तर चालेल, पण गोळी घेतलीत ना? आणि समोरच्या पावसच्या मंडळींनो, तुम्ही सगळे खुशाल दिसताय, बरं वाटलं.

आपली अपूर्वा हिशेबशास्त्रात डॉक्टर झाली आणि आता परवा नागपूरला शिकवायला निघणार आहे. मी सातवी शिकलेला. पुढचं जे काही, ते वाचनालयात बसून. मला वाटायचं, वर्गातले तास संपले, पेपर दिले, की पदवी. अहो, तिथं तर नुसतं दार उघडतं! विषय मांडायला समितीपुढे उभं राहा. दर सहा महिन्यांनी काय केलंत ते सांगा. लेख छापायला पाठवा. कोण कुठला न पाहिलेला जाणकार 'पुन्हा लिहा' म्हणतो, आणि ही पोर पुन्हा लिहिते! मग बाहेरचे तज्ज्ञ प्रबंध वाचणार, आणि शेवटी भरल्या सभेत तोंडी परीक्षा. एवढा धीर माणूस आणतो कुठून?

आपल्याकडे फळ धरायच्या आधीच, मोहोर पाहून, आंब्याची बाग व्यापाऱ्याला देतात. हिचा विषय तोच: तो मोहोर हिशेबात कोणाचा? परीक्षा सर्वांना खुली, म्हणून आपण गाडी करून गेलो. परीक्षकांनी विचारलं, "मोहोर गळला, तर नुकसान कोणाच्या नावे?" अपूर्वा प्रबंधाची पानं उलटू लागली. तेवढ्यात तिचे सख्खे काका, आपले चिंतामणी, उठलेच.

"अहो साहेब, पोर कधीची उभी आहे. मी सांगतो. आमच्यात दोघं मिळून सोसतात."

"उत्तर उमेदवारानंच द्यायचं असतं," परीक्षक म्हणाले.

मागून आपल्या गावच्या तुळसाबाई पुटपुटल्या, "बस रे चिंतू, लग्नाची बोलणी आहेत का ही?"

हसलं कोणी नाही. इतक्या वर्षांची मेहनत पणाला लागलेली. अपूर्वा म्हणाली, "काका, बसा तुम्ही. सर, काकांच्या बागेत तसं होतं. आंजर्ल्याला मला तसं आढळलं नाही. सगळ्या कोकणाचा एकच नियम मी सांगू शकत नाही. माझा अभ्यास तिथं थांबतो."

सख्ख्या काकांचं म्हणणं, त्यांच्यादेखत, असं तोलून जागच्या जागी ठेवायचं! मी तर बघतच राहिलो.

आम्हांला बाहेर बसवलं. चिंतामणी सारखे म्हणत होते, "माझ्यामुळे पोरीचं गेलं हो." दार उघडलं, ते परीक्षक थेट त्यांच्यापाशी आले. "पुतणीला पदवी द्यावी, अशी शिफारस केली आहे. कुठं थांबायचं हे तिला कळतं का, तेच मला पाहायचं होतं."

चिंतामणी रडले. आम्ही काय कोरडे राहिलो?

अपूर्वा, उद्या तुझ्यापुढे विद्यार्थी उभे राहतील. घाम फुटला तर पाणी दे गो, उत्तर मात्र त्यांचं त्यांना शोधू दे.

मंडळी, एवढं ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात अधिक-उणं गेलं असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आणि अपूर्वा, पोचल्याबरोबर मला पत्र लिही. फोनवर तुझा काका दुसऱ्या कोणाला बोलू देईल, असं वाटत नाही.