हैदराबादचा फोन

धाराशिवच्या पोस्टात अनसूयाबाई तिकिटांच्या रांगेत उभ्या होत्या, पण कान मात्र शेजारच्या खिडकीकडं होते. तिथं एक म्हातारी ट्रंककॉलची, म्हणजे परगावच्या फोनची वाट बघत होती आणि फोन जोडणाऱ्या कारकुनाला सारखी विचारत होती.

“सायेब, लागला का हैदराबाद?”

“नाही, कस्तुराबाई. बसा.”

थोड्या वेळानं पुन्हा, “आता?”

“अहो, तुम्ही विचारलं की मला बोर्ड सोडून उठावं लागतं. मग लाइन कोण बघणार? घंटी वाजली की मीच हाक मारतो. तोवर खुशाल डोळे मिटा.”

“आन् इसरलाव तर?”

“घंटी विसरू देईल होय?”

“बरं, बसती. वरीस झालं लेकाचा आवाज ऐकून.”

“तिकडंच असतो?” अनसूयाबाईंनी रांगेतूनच विचारलं.

“आपला मुलूख हैदराबाद राज्यातनं निघाला, पर त्याची नोकरी तिकडंच ऱ्हायली.”

“काय बोलणार मग?”

“म्या काय बोलावं? तीनच मिनटं मिळत्यात. त्यालाच बोलू देती.”

घंटी खणखणली.

“कस्तुराबाई, हैदराबाद! या लवकर!”

“आली. जरा दम धरा.”

“अहो, मिनिटं चालली की!”

“जाऊ द्या एखादं. सकाळपासनं त्याचा आवाज येणार, येणार म्हणून बसली हुती. आता बोलून झालं, की ही वाट बघनंबी सरंल. मग घरी काय घिऊन जाऊ?”