पळ्यांचं खोकं

शिवणकाम करणाऱ्या एक बाई हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांसाठी रांगेत उभ्या होत्या, पण त्यांचे कान पुढच्या आजी-आजोबांकडे लागले होते. आजोबांच्या काखेत चार फळ्या ठोकून केलेलं खोकं होतं.

“पॉलिश पेपर मारला की पळ्या-चमचे ठेवायला तयार.”

“डुगडुगतंय की हो.”

“खाली पट्टी लावतो.”

“आणि उंच किती! झारा आत गडप होईल.”

“दोन बोटं कापतो. आणखी काही?”

“ओट्यावर कुठे ठेवणार?”

“शेगडीच्या डावीकडे.”

“आजवर सगळं उजवीकडे होतं.”

“उजवा हात उठेल तेव्हा उठेल. डॉक्टर म्हणाले ना, तोवर डाव्याला कामाला लावा.”

आजींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“मला जमेल का हो?”

“मला सुतारकाम जमलं, मग तुला डाव्या हाताने भाजी परतता येणार नाही?”

“ह्याला जमलं म्हणतात?”

मागे बाईंनी ओठ घट्ट मिटून हसू दाबलं.

“आजोबा, काय देऊ?” दुकानदाराने विचारलं.

आजींनी डाव्या हाताने खोकं ओढून घेतलं.

“पॉलिश पेपर द्या. आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावायची एक कडी. तीन महिने ह्यांच्या हातचं खाल्लं, आता पुरे.”