तिसऱ्या ॲपातला ठेका

(डोंगरकडा. दुपारची वेळ. ओसरीवर लोखंडी पलंग. त्यावर ग्यानोबा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. खाली त्यांची बायको कमलबाई शेंगा फोडत बसलेली. नात संध्या मोबाइल घेऊन पलंगाच्या कडेला.)

संध्या: न्हाई आबा, डोळे मिटूनच ऐकायचं. मोबाइलकडं बघायचं न्हाई.

ग्यानोबा: डोळे मिटले तर झोप लागंल मला. आज उशिरानं जेवलो, आत्ताच.

संध्या: झोपू नका ना. एकच चाल आहे, ती तीन ॲपमध्ये बसवलीय. कोणत्या ॲपातली बरी वाटती एवढंच सांगा. माझे कान सकाळपासून ऐकून ऐकून बधिर झाले. पाचच्या आत पुनमताईला पाठवायचंय.

कमलबाई: कोण गं ही पुनम?

संध्या: पुण्याची. कॉलेजात माझ्या पुढं होती. मोबाइलवरचा गेम बनवून राहिली. जुन्या पद्धतीचा, चौकोनी चौकोनी माणसांचा. पप्पा लहानपणी टीव्हीला कॅसेट लावून खेळायचे न्हाई का, तसा. त्याचं संगीत मी करणार. म्हणजे तिला आवडलं तर. आजून एक पोरगं पाठवून राहिलंय, त्याचं न्हाई तर माझं.

कमलबाई: बुद्धभूषणच्या त्या कॅसेटचं नाव काढू नको माय. टुंय टुंय टुंय, निस्तं डोस्कं उठवलं होतं त्यानं. आता तू तेच करून राहिली?

संध्या: तेच तर पाहिजे आजी! त्या जुन्या डब्यातून चारच आवाज निघायचे. दोन चालीचे, एक खालचा जाड, आणि एक नुसता खरखरीचा. सगळं त्या चारांतच बसवायचं. म्हणून तर मजा.

ग्यानोबा: चारच? आमच्या गाडीच्या एका खिडकीतून याहून जास्त निघायचे. लाव.

संध्या: हे पहिलं. चौकोनांचं ॲप. ऐका... झालं. कसं होतं?

ग्यानोबा: गाडी रिवर्सला घेताना वाजतं तसं. पण बरंय. ठोका बराबर हाय, कुठं डुगडुगत न्हाई.

संध्या: डुगडुगणारच न्हाई. एका फेरीची घरं दिलीत, ती बोटानं भरायची. मग तीच फेरी पुन्हा पुन्हा फिरती. एखादी फेरी वेगळी करायची सोयच न्हाई त्यात. आता दुसरं. यात पेटीसारख्या पट्ट्या आहेत. ऐका.

कमलबाई: हे बघ, हे चांगलंय. बाईचा आवाज पण गोड हाय.

संध्या: आजी, ती केसाच्या तेलाची जाहिरात आहे. फुकटचं ॲप, मध्येच घुसती.

कमलबाई: मंग जाहिरातच पाठव. बरी होती.

ग्यानोबा: हे नको. ढोल लग्नातल्यासारखा वाजून राहिला, चाल एकीकडं अन् ढोल दुसरीकडं.

संध्या: बराबर बोललात. ढोल तयारच मिळतो त्यात, आपला घालता येत न्हाई. आता तिसरं. हे दिसायला एकदम रुक्ष आहे, नुसते आकडे वरून खाली पळत राहतात. शिकतानाच माझी दमछाक झाली. पण यात प्रत्येक ठोका आपण ठेवायचा. ठेवायचा नसला तर न्हाई ठेवायचा. त्या खरखरीच्या आवाजातून मी ठेका काढलाय. आधी नुसता ठेकाच वाजंल, चाल मागून येती. डोळे मिटा.

ग्यानोबा: मिटले.

संध्या: लावू?

ग्यानोबा: लाव की.

संध्या: ...आता बघा, इथून चाल सुरू—

ग्यानोबा: बंद कर.

संध्या: आबा, आजून चाल—

ग्यानोबा: बंद कर म्हणलं ना!

कमलबाई: अवं, लेकरावर काहून वरडून राहिले? अगं बंद कर गं आधी ते. काय झालं तुमाला? घाम बघा किती फुटलाय. छातीत दुखतंय का?

ग्यानोबा: कुणी दिलं तुला हे?

संध्या: काय कुणी दिलं?

ग्यानोबा: हा ठेका. कुणापासून घेतला? आपल्या जुन्या गावचं कुणी भेटलं का? कुणी म्हातारं-कोतारं? खरं सांग.

संध्या: आबा, मी त्या गावाला गेले तरी आहे का कधी? तुमी नेलंच न्हाई.

ग्यानोबा: मंग मोबाइलात आला कसा हा? कुणीतरी टाकला आसंल त्याच्यात. असला ठेका दुसरीकडं कुठं वाजत न्हाई. वाजणारच न्हाई. तो वाजवणारा माणूस मरून किती वरसं झाली.

संध्या: कोण माणूस?

ग्यानोबा: आधी मी इचारलं त्याचं सांग.

संध्या: तुमीच.

ग्यानोबा: काय मीच?

संध्या: तुमीच वाजवता आबा. रोज. या पलंगाच्या पट्टीवर, ताटाच्या काठावर. मी शाळेत होते तवापासून ऐकतेय.

ग्यानोबा: खोटं.

संध्या: खोटं कशाला बोलू?

ग्यानोबा: मी न्हाई वाजवत. हात जोडून सांगतो, मी न्हाई वाजवत. कमल, तू सांग हिला. मी कधी काय वाजवलं का?

कमलबाई: एवढ्या शेंगा फोडून होऊ द्या.

ग्यानोबा: अगं बोल ना.

कमलबाई: वाजवता की.

ग्यानोबा: तू पण?

कमलबाई: लग्नात बोहल्यावर माझ्या बाजूला बसले होते, तवापासून वाजवता. गुडघ्यावर बोटं चालू होती तुमची. मला वाटलं, नवरदेव घाबरलाय. पुढं नोकरी लागली, तर वाटलं तिकिटाच्या पेटीवर बोटं मारायची सवय असंल. कितीदा तर गाढ झोपेत वाजवता, मी हात धरते तवा थांबता.

ग्यानोबा: अन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाई?

कमलबाई: तुमची बोटं तुमाला म्हाईत नसतील असं कुणाला वाटंल? नवल करता बाई.

संध्या: हे ऐका आबा. मागच्या आठवड्यात तुमी बातम्या बघत बसले होते, तवा मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. टीव्हीच्या आवाजाखाली नीट कान द्या... ऐकलं? ही टकटक.

ग्यानोबा: पुन्हा लाव.

संध्या: हं.

ग्यानोबा: हा मी हाय?

संध्या: तुमीच. बघा, तुमच्या अंगठीचा आवाज पण येऊन राहिला.

ग्यानोबा: अगं माय माय माय... हे काय झालं. एवढी वरसं. मला वाटलं मी शब्द पाळला.

कमलबाई: कसला शब्द? कुणाला दिला? अवं, असं भिताडाकडं बघू नका, मला भीती वाटून राहिली. संध्या, पाणी आण आधी.

संध्या: घ्या आबा. थोडं थोडं प्या.

ग्यानोबा: माझा बाप डफडं वाजवायचा.

कमलबाई: कोण? मामंजी?

ग्यानोबा: सटवाजी म्हणलं की आजूबाजूच्या गावांत समजायचे. दीक्षा घेऊन वरसं झाली होती, पण आमच्या गावात डफडं सुटलं नव्हतं. गावकीचं काम, न्हाई म्हणायची सोय नव्हती. मी हा एवढासा. चामडं ढिलं पडलं की काड्या पेटवून ते शेकायचं काम माझं.

संध्या: आबा, हे तुमी कधीच...

ग्यानोबा: त्या सालच्या पोळ्याला बापाच्या अंगात ताप होता. पाटलाच्या बैलाची मिरवणूक दुपारीच निघायची, ती ऊन कललं तरी निघंना. झुली आल्या न्हाईत, शिंगं रंगवायची राहिली. तवर बापानं उभ्यानं वाजवत राहायचं. कुणी थांब म्हणलं न्हाई, अन् सांगितल्याबिगर थांबायचं न्हाई. ह्यानं दोन घोट पाणी प्यायला डफडं खाली ठेवलं.

कमलबाई: मंग?

ग्यानोबा: बैलासाठी आणलेला नवा चाबूक होता पाटलाच्या पोराच्या हातात. ह्या हिथं बसला. कपाळ फुटलं.

कमलबाई: कपाळ? ती खोक? अवं, मामंजीनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, बैलाचं शिंग लागलं म्हणून! मी त्यांना शेवटपर्यंत आंघोळीला पाणी दिलं, त्या खोकेला हातानं तेल लावलं. मला बैलाचं शिंग सांगितलं?

ग्यानोबा: सगळ्यांना तेच सांगितलं. मला पण तेच सांगायला लावलं.

कमलबाई: तुमी पण मला फसवलं. जन्म काढला म्या या घरात.

संध्या: आजी, थांब जरा. आबा, मग पुढं?

ग्यानोबा: पुढं काय. उचललं डफडं, लागला वाजवायला. उजव्या हातातलं जाड टिपरू चालूच. रगत डोळ्यात उतरायचं. ते पुसायला डावा हात वर गेला की त्या हातातल्या बारक्या काडीची एक थाप राहून जायची. पुसायचा, वाजवायचा. पुन्हा रगत उतरायचं, पुन्हा पुसायचा. मिरवणूक मारुतीला वळसा घालून येईपर्यंत तसंच. मी काड्या घेऊन मागं मागं. रडू आलं तर बाप म्हणला, डोळे खाली ठेव, काड्या विझतील.

संध्या: म्हणून चौथ्या फेरीला...

ग्यानोबा: काय?

संध्या: प्रत्येक चौथ्या फेरीला एक ठोका येत न्हाई, तुमची बोटं तिथं उचलतात. मला वाटलं ही तुमची काहीतरी गंमत. आबा, मला तीच जागा सगळ्यात जास्त आवडायची. तेवढ्यासाठी मी हे आकड्यांचं ॲप शिकले. बाकीच्या दोन्हींत ती जागा रिकामी सोडताच येत न्हाई. मला काय माहीत, तिथं पणजोबा...

ग्यानोबा: रडू नको. तुला कसं म्हाईत असणार.

संध्या: मी ते मैत्रिणींना ऐकवलं. त्या हसल्या तिथं. मी पण हसले.

ग्यानोबा: त्या रातीला बापानं डफडं चुलीत घातलं. चामड्याचा वास घरभर. माझा हात हातात घेतला अन् म्हणला, आपल्या घरातून हा आवाज पुन्हा निघणार न्हाई, बोल. मी बोललो. दुसऱ्या दिवशी गाव सोडलं आमी. तवापासून मी लग्नाच्या वरातीत सुद्धा बाजाच्या जवळ उभा राहिलो न्हाई. बुद्धभूषण ताशा घेऊन दे म्हणून लोळायचा, त्याला मारलं पण घेऊन दिला न्हाई. अन् माझीच बोटं, माझ्या नकळत...

संध्या: मी काढून टाकते. आत्ता. पहिल्या ॲपातलं पाठवते, ते सरळ आहे. त्यात काहीच न्हाई.

ग्यानोबा: व्हय. पहिलंच पाठव.

संध्या: हे बघा, तुमच्या समोरच पुसते. विचारून राहिलंय, नक्की पुसायचं का. पुसलं की परत येत न्हाई.

कमलबाई: थांब गं.

संध्या: आजी, आबांना त्रास होऊन राहिला.

कमलबाई: मला पण होऊन राहिला. थांब म्हणते ना. अवं, मला एक सांगा. मामंजीचा एक फोटो हाय का घरात?

ग्यानोबा: न्हाई. कुठून असंल.

कमलबाई: त्यांच्या हातची एखादी वस्तू?

ग्यानोबा: काहीच न्हाई. घोंगडी होती, ती सरणावर गेली.

कमलबाई: मंग हिला काय पुसायला सांगता? माणसाचं एवढंच उरलंय, ते पण तुमच्या बोटांत होतं, तुमाला ठाऊक नसताना. मला राग आलाय तुमचा, लई आलाय, तो मी नंतर काढीन. पण हे पुसू नका.

ग्यानोबा: अन् शब्दाचं काय? पुण्याचं कुणीतरी मोबाइलात ते वाजवणार. लोक खेळणार त्याच्यावर. माझ्या बापाच्या रगतावर खेळ?

संध्या: न्हाई आबा. मी न्हाई पाठवत. पाठवायचंच न्हाई. त्या दुसऱ्या पोराचं घेऊ दे तिला. मला न्हाई पाहिजे.

कमलबाई: सकाळपासून तुकडा मोडला न्हाई पोरीनं याच्यापायी.

ग्यानोबा: ...कसला खेळ हाय तो?

संध्या: जाऊ द्या आबा.

ग्यानोबा: इचारलंय ते सांग. मारामारी हाय का? कुणी कुणाला मारतं?

संध्या: न्हाई. एक माणूस आहे. तो चालत जातो. डोंगर, नदी, गावं लागतात. लोक भेटतात, बोलतात. एवढंच.

ग्यानोबा: अन् हा ठेका कवा वाजतो?

संध्या: तो चालतो तवा. त्याच्या पावलांचाच आहे हा.

ग्यानोबा: चालून दमला तर?

संध्या: तर थांबतो. खेळणाऱ्यानं बोट उचललं की थांबला. झाडाखाली बसतो, पाणी पितो. तेवढा वेळ ठेका पण बंद.

ग्यानोबा: किती वेळ बसू देतात?

संध्या: कितीही. उठायचं मनात आलं की उठायचं.

ग्यानोबा: मागं कुणी उभं नसतं?

संध्या: कुणीच न्हाई.

ग्यानोबा: थांबायच्या आधी कुणाला इचारावं लागतं?

संध्या: न्हाई आबा. कुणालाच न्हाई.

कमलबाई: अवं, आता तरी पाणी प्या ना. तांब्या कवापासून हातात धरून बसले.

ग्यानोबा: पितो. संध्या, वाजले किती?

संध्या: साडेचार.

ग्यानोबा: मंग ते तिसरंच पाठव.