खोटुं ना लगाडता

...आणि नक्की साल विचारू नका, शहाण्णव असेल, सत्त्याण्णवही असेल, माझा माझ्याच डोक्यावर विश्वास नाही, आणि म्हणे बेडकाच्या डोक्यावर पीएचडी! तुम्हाला सांगतो, रिटायर होऊन साताऱ्याहून सुरतेला आलो, पर्वत पाटिया भागात, लेकाकडे. गुजराती म्हणजे शेवटी 'छे' लावलेली मराठीच, असा माझा पक्का समज! घरात सूनबाई, "बाबा, जेवताना तरी बेडूक नको हो!" मग सांगायचं कुणाला? सोसायटीच्या बाकावरच्या हरकिसनभाईंना! साड्यांचे दलाल, पण ऐकायचे हो, सगळं! की डबक्यात चार जातींचे बेडूक एकदम कोकलतात, पण मादीच्या मेंदूतल्या काही पेशी अशा, की आपल्या जातीच्या हाकेचा ठेका जुळला तरच जाग्या होतात, परका कितीही बोंबलो, ढिम्म! बेडकीला कळतं हो, आपलं कुठलं आणि परकं कुठलं!

तर एकदा मी असा रंगात आलेला, आणि हे हळूच म्हणतात, "साहेब, खोटुं ना लगाडता, पण आ देडकानी वात तमे काले पण करी हती."

खोटं? मी? उभा जन्म बेडकांत घालवला आणि मी खोटं लावतो? पुढचं ऐकतोय कोण! तरातरा उठलो, पलीकडच्या बाकावर जाऊन बसलो. रोज हाक यायची, "आवो साहेब!" आणि मी मान वळवून पाण्याच्या टाकीकडे बघत... टाकीला काय सांगणार, बेडूक? अख्ख्या सुरतेत माझं ऐकणारा एकच माणूस, तोही मी घालवला! अशी किती वर्षं गेली, देव जाणे. बेडकीला कळतं हो...

मग एकदा नात शर्वरी फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "खोटुं ना लगाडती, हं!" म्हटलं, "काय गं, खोटारडी म्हणतेस तिला?" "इश्श, आजोबा! खोटुं लगाडवुं म्हणजे वाईट वाटून घेणं!"

विश्वास बसेना. कोश काढला, चष्मा पुसून दोनदा बघितलं. बरोबर होतं! म्हणजे बिचारे एवढंच म्हणत होते, वाईट वाटून घेऊ नका, पण ही बेडकाची गोष्ट तुम्ही कालही सांगितली होती! तसाच खाली गेलो, त्यांच्या बाकाशी उभा राहिलो, म्हटलं, "हरकिसनभाई... खोटुं ना लगाडता..."

सरकून जागा केली त्यांनी, म्हणाले, "खोटुं तो तमे लगाड्युं हतुं, साहेब!"