नागसेन हसत न्हाई

नका ठेवू इस्वास! माज्या एका शब्दावर बी ठेवू नका, आदीच सांगते. सगळी उमर म्या लोकांस्नी "मुंगी चावल्यागत बी लागायचं न्हाई हां" म्हणत सुया टोचल्या, आन माणूस पार आढ्याला जाऊन चिकटायचा... असल्या बाईचं काय खरं धरता? आन वरनं इचारताय, "आजे, तू खरंच नर्स हुतीस का गं? आमास्नी वाटलं, तू ती हसवणारी, कॅसेटवाली!" आवं, व्हय की! कॅसेटवाली मीच, आन सिस्टर बी मीच. पलूसच्या आजूबाजूची निम्मी पोरं ह्याच हातांनी बाहेर वडलीत. ए, तू रं, मागं बसलायस, नव्या मिशीवर ताव मारतोयस... तुला उलटा धरून ढुंगणावर पयली चापट कुणी मारली, ठावं हाय का? आईला इचार जा! खोटं वाटतंय? वाटू द्या.

तर तुमाला सांगते, आमी बौद्ध माणसं. मी सातवीपतोर शिकले, म्होरं मिरजेला बाळंतपणाचं शिकले, आन नोकरी लागली. पांढरी साडी घरी आली तवा आईनं तिची घडीच मोडू दिली न्हाई किती दिस, नुसती पोटाशी धरून बसायची. काल "ए बाळे" म्हणणारं गाव आज "बाळाबाई सिस्टर" म्हणाया लागलं. आन माजा धाकटा भाऊ, नागसेन... जन्माचं नाव ज्योतिबा, छप्पन साली धर्म बदलला तवा नाव बी बदललं. नाव बदललं, पर नाक काय बदललं न्हाई, राग आला की अजून फुगतं बैलावाणी! तर ह्यो नागसेन मला सायकलीवर मागं बसवून गावोगाव न्यायचा. असा ताठ मानंनं, जनू कॅरेजवर कलेक्टर बसलाय!

मग ब्याण्णव साली रिटायर झाले. निरोपाचं भाषण म्हंजे काय असतं, ऐकलंय कवा? "बाळाबाई कष्टाळू हुत्या, मनमिळाऊ हुत्या..." हुत्या, हुत्या, हुत्या! मी बसल्या जागी नाडी बघितली माजी, चालू हाय न्हवं? म्हणलं, हार गळ्यात घालत्यात का फोटूला? मग म्हणले, तुमी बी दोन शब्द बोला. काय बोलू? म्या आपली डाक्टरसायबांची नक्कल केली, "सिस्टर, पेशंट तुमी बघा, कळ निघाली की मला सांगा, तवर मी चा घेतो!" मग म्हाताऱ्यांची, "बाई, गोळी नगं, सुईच दे, गोळीनं दवाखान्यात आल्यागत वाटत न्हाई!" मग केसपेपर काढाया आलेल्या बायांची. "नवऱ्याचं नाव काय गं?" "ते न्हवं का ते..." "कोण ते?" "आवं त्येच की, काल न्हाई का सुई घेऊन गेले!" नाव घ्यायचं न्हाई न्हवं नवऱ्याचं! मग कडंवरच्या लेकराला इचारायचं, "बाळा, बाबाचं नाव काय?" ते म्हणायचं, "आवं!" आई हाक मारती तसंच सांगणार की लेकरू!

लोक असे हसले! डाक्टरसायबांचा चा नाकातनं आला. तितं मंडपवाला भाऊसो बसला हुता सांगलीचा, त्यो म्हणला, "मावशी, हे घरात ठेवू नगा, ष्टेजवर आणा." झालं! हळदीकुकवाला बाळाबाई, गणपतीत बाळाबाई, तासगावला बेदाण्याच्या शेडात निवडायला बसलेल्या बायांम्होरं बाळाबाई. कॅसेट निघाली, तिच्यावर माजा फोटू, काळ्या मनुक्यापेक्षा बी काळा!

एकदा कोयनानगरला गेले. ऐन रंगात आले आन जमीन हालली की वो! भांडी वाजाया लागली, पंखा झुलाया लागला. म्या माईक टाकला आन ठोकली धूम पटांगणात! माघारी वळून बगते तर एक माणूस जाग्यावरनं उठंना. एक बाई बसल्या बसल्या म्हणती, "या मावशी माघारी, आमचं रोजचंच हाय ते. म्होरं सांगा की, लेकरू काय म्हणलं?" खोटं वाटतंय? वाटू द्या!

पर तुमाला सांगते, सातारा हसला, सांगली हसली, माजा नागसेन काय हसला न्हाई. कारेक्रमालाच येत न्हवता. घरात कॅसेट लागली की चपला घालून भाईर. एक दिस म्याच धरला, "काय रं नाग्या, सारं जग हसतंय, तुज्याच दातावर काय बसलंय?"

त्यो म्हणला, "आक्का, आपला आजा सोंगाड्या हुता. गाव त्याला पोट धरून हसायचं, आन मग शिळी भाकरी लांबनं टाकायचं. बाबासायबांनी ते सोडाया लावलं. तू पांढरी साडी नेसलीस, आन म्हातारपणी परत सोंग?"

मी म्हणलं, "आज्यानं काय बोलायचं ते पाटील ठरवायचा. मी काय बोलायचं ते मी ठरवते."

"मग आपलं कवा बोललीस?" म्हणला. "डाक्टरचं बोलतीस, म्हाताऱ्यांचं बोलतीस. आपल्यावर काय काय झालं, ते कवा बोललीस?"

तुमी असता तर काय केलं असतं? त्या राती म्या माजीच कॅसेट पयल्यापासनं ऐकली, तिच्यात आपलं एक अक्षर न्हवतं.

मग आली चौदा एप्रिल. पलूसला जयंतीचा मंडप. पोरांनी मला परस्पर बोलावलं हुतं, आन मंडळाचा अध्यक्ष कोण? आमचा नागसेन! अध्यक्षाला पळून जाता येत न्हाई, पयल्या खुर्चीत बसावं लागतं. बसला. हाताची घडी, नाक फुगलेलं. मी माईकम्होरं उभी राहिले, वाटलं, कोयनेला टाकला हुता तसा माईक टाकून पळावं... म्हणलं, आज एक जुनं सांगते.

तवा मी नोकरीला नवी. जवळच्या एका गावात धोंडुबाईची सून मंगल अडली हुती. गावच्या सुईणीनं हात टेकले, मग सिस्टरला सांगावा आला. नागसेननं सायकल हाणली. त्याला म्हणले, "तू तितंच लिंबाखाली थांब." मला आत घेतली, काय करतील? गरज! झगडले, पोरगा झाला, ठणठणीत. धोंडुबाई माज्या पायाच पडायची बाकी हुती. आन मी हात धुऊन वळते तर काय? म्हातारी तांब्या घेऊन, मी जितं जितं उभी हुते तितं तितं गोमूत्र शिपडतीया! उंबरा? शिपड! पाट? शिपड!

मला रडू आलं. पदरानं डोळं पुसलं. आन तेवढ्यात म्हातारीनं तिरक्या नजरंनं बघितलं माज्याकडं... आन काय सांगू, अंगात आलं माज्या! मी गेले जात्यापाशी, हात फिरवला, "काय गुळगुळीत जातं हाय वो मावशी!" म्हातारी धावली, शिपड! कणगी थोपटली, "वा, भरल्याली दिसती!" शिपड! लोणच्याची बरणी, शिपड! खुंटीवरचा मालकांचा पटका, "रंग काय झ्याक हाय!" शिपड! मी म्होरं, म्हातारी मागं, घरभर! तांब्या झाला रिकामा. म्हातारी वरडली, "आरं, गाईकडं जा कुणीतरी!" ल्योक तांब्या घेऊन गाईच्या मागं उभा, गाय मान वळवून त्याच्याकडं बगतीया... गाय म्हंजे काय नळ हाय, चावी फिरवली की आलं? मी खिडकीतनं इचारलं, "म्हशीचं चालंल का वो?"

शेवटी म्हातारी धापा टाकत खाली बसली. मी म्हणलं, "मावशी, एक राहिलंच की. तुमचा नातू. त्याला तर डोक्यापासनं पायापतोर सगळ्यात आदी माजाच हात लागलाय."

म्हातारी नातवाकडं बगती, माज्याकडं बगती, तांब्याकडं बगती. तवा बाजंवरनं मंगल, जिच्या अंगात बोलायचं बळ न्हवतं ती मंगल म्हणली, "आत्ती, माज्या लेकरावर एक थेंब उडवशिला तर मी आत्ताच्या आत्ता उठीन हां!"

म्हातारीनं तांब्या ठेवला खाली.

हिकडं मंडपात आमच्या माणसांस्नी कळंना, हसायचं का काय करायचं. मग मागनं एक बनुबाई म्हणून म्हातारी हुती, ती एकदम खिक्कन हसली, "आगं, म्हशीचं!" आन सारा मंडप फुटला. नागसेन? न्हाई. उठला आन गेला भाईर.

मी ष्टेजमागं जाऊन बसले. म्हणलं, संपलं, भाऊ गेला. तर आला की त्यो. डोळं लाल.

"आक्का, म्या लिंबाखालनं दारातनं तांब्या बघितला हुता. तू डोळं पुसताना बघितली हुती. बाकीचं न्हवतं दिसलं."

"मग?"

"माघारी येताना तू कॅरेजवर बसून हमसून हमसून रडत हुतीस. सायकल हालत हुती. मला वळून बघायचं धाडस झालं न्हाई."

आवं, मी हसत हुते! पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत हुते, म्हणून सायकल हालत हुती! आन ह्यो गडी एवढी वरसं माजं रडणं पाठीवर घेऊन फिरला. थोडी रडत बी हुते म्हणा... पर ते त्याला कशाला सांगू?

त्यानं डोळं पुसलं. मग हळूच इचारतो, "म्हशीचं चालंल का, आसं खरंच इचारलंस?"

"व्हय."

"खिडकीतनं?"

"व्हय रं!"

आन हसला बगा! खांबाला धरून, खाली बसून, नाकाचं पाणी गळंपतोर हसला. मी बगतच राहिले.

तवापासनं हरेक कारेक्रमाला पयल्या खुर्चीत हजर. पर तुमाला सांगते, आता येगळीच पीडा झालीया! मी नुसतं "नोकरीला नवी" म्हणायचा अवकाश, ह्यो सुरू! तांब्या आला न्हाई, जातं आलं न्हाई, गाय अजून गोठ्यातच हाय, आन ह्यो खदाखदा! सारी माणसं त्याच्याकडं बगत्यात, माज्या इनोदाचं वाटोळं! ज्याला हसवाया एवढी झुरले, त्याला गप कसं करू, सांगा की कुणीतरी! ...ते बगा, आलाच. भाईर चपला काढतोय न काढतोय तवर खी खी चालू. जावा आता तुमी. जावा म्हणते न्हवं घरला! ह्याचं हसून हुईपतोर मला काय बी बोलता यायचं न्हाई.