पासवर्ड बरोबर होता

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, आणि ज्यांच्या घरचं इंटरनेट या क्षणी तरी चालू आहे अशा सर्व श्रोत्यांना माझा नमस्कार.

आज सतरा तारीख, शनिवार. सकाळी दाढी केली, दुपारी शर्टाला इस्त्री केली, चारच्या बसनं इथं आलो. भाषणाची मला सवय नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं पत्नीकडे होतं. तिला जाऊन दीड वर्ष झालं, म्हणून आज मी उभा आहे.

आपले सत्कारमूर्ती आधी टेलिफोनच्या, मग इंटरनेटच्या तारा जोडत घरोघरी फिरले. त्यांना सगळे तारमामा म्हणतात. त्यांची खोड आपल्याला ठाऊक आहेच. ते ग्राहकाच्या कुठल्याही वस्तूला हात लावत नाहीत. हात पाठीमागे बांधून म्हणतात, "तुम्ही दाबा. मी गेल्यावर तुम्हालाच दाबायचंय."

पत्नी गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात संगणक ईमेलचा पासवर्ड मागू लागला. तो तिच्या वहीत होता. टाकला. पाच मिनिटांनी पुन्हा मागितला. दिवसातून वीसवीस वेळा. मी ओळखपत्र दाखवायलाही तयार होतो, पण दाखवणार कुणाला? हेल्पलाइनवरच्या बाईंनी राउटरचं बटण बंद करून चालू करायला सांगितलं. तेही रोज केलं. शेवटी वाटलं, मला न सांगता हिनं पासवर्ड बदलला असणार. गेलेल्या माणसावर मी आठवडाभर रुसून होतो.

यात एक अडचण होती. आमची मुलगी परदेशात असते. फोनवर आम्ही दोघं "जेवलीस का", "जेवलात का" यात संपतो. मनातलं ती लिहून कळवायची, आणि तिची पत्रं याच ईमेलवर यायची. सात आठवडे एकही आलं नव्हतं. मला वाटलं, आई गेली, आता बापाला काय लिहायचं?

तारमामा आले. मी वही पुढे केली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही.

"राउटर कुठंय?"

"जागेवर आहे."

"जागा दाखवा."

मी लोखंडी कपाट दाखवलं. पत्नीच्या सगळ्या वस्तू मी त्यात ठेवल्या होत्या. राउटर तिनंच आणला, रोज पुसायचीही तीच. मला तो तिच्याच वस्तूंपैकी वाटला. दाराच्या फटीतून वायर आत घेतली होती आणि कुलूप लावलं होतं. बटण तेवढं भिंतीवर होतं.

तारमामा हसले नाहीत. म्हणाले, "पासवर्ड बरोबर आहे, साहेब. लोखंडातून सिग्नल नीट बाहेर येत नाही. वाटेत अडलं की हा बिचारा संगणक आधी पासवर्डावर संशय घेतो. कपाट उघडा."

"तुम्हीच उघडा," मी किल्ली दिली.

त्यांनी हात पाठीमागे बांधले.

मी चहा करून आणला. त्यांनी तो प्यायला. मग मला हवापाण्याबद्दल बोलावंसं वाटलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. पाऊण तास झाला. त्यांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी मी उघडलं. तिचा स्वेटर, चष्मा, चपला, आणि मधोमध हिरवे दिवे लुकलुकवणारा राउटर. तो मी बाहेर काढून कपाटावर ठेवला.

मुलीची अकरा पत्रं एकदम आली. पहिल्यात होतं, "बाबा, महिनाभर राहायला येऊ का?" शेवटच्यात होतं, "उत्तर नाही, म्हणजे तुम्हाला एकटंच राहायचं असेल. समजू शकते."

मी एका बोटानं लिहिलं, "ये."

"एवढंच?" तारमामांनी विचारलं.

"एवढंच."

"मग पाठवा. ते बटण मी दाबणार नाही."

ती यंदा दुसऱ्यांदा आली आहे. दुसऱ्या रांगेत बसली आहे. शर्टाची कॉलर इस्त्रीतून सुटली, हे बसमध्ये तिनंच दाखवलं.

तारमामा, कपाटाला आता कुलूप नाही. राउटर मी रोज पुसतो. आपल्याला उदंड आरोग्य लाभो, आणि निवृत्तीनंतर आपल्या घरचं इंटरनेट बिघडलंच, तर शेजारी हात पाठीमागे बांधून उभा राहायला मी येईन.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. कमीजास्त बोललो असेन तर पोटात घालावं. या माइकचं बटण कुठंय? नको, कुणी उठू नका. सापडलं. मी दाबतो.